दुरुस्तीचा अर्ज

जिंतूरच्या तहसील कचेरीसमोर एक लिंब होता. त्याच्याखाली सतरंज्या टाकून आम्ही तिघं अर्जनवीस बसायचो आणि तिघांत सगळ्यात भित्रा मी होतो. हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. आमच्या धंद्यात भित्रेपणाला किंमत होती. कुठल्या शब्दावर साहेबाच्या कपाळाला आठी पडेल, कुठल्या ओळीवर पक्षकाराला उलटी चौकशी लागेल, हे ज्याला आधी दिसतं त्याचा अर्ज परत येत नाही. माझे अर्ज सहसा परत येत नसत.

आजच्या मुलांना अर्जनवीस म्हणजे कोण ते सांगावं लागतं. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा आणि आमचा माणूस बोलायचा मराठी. त्यानं आपलं गाऱ्हाणं आमच्यापुढं ओकायचं आणि आम्ही ते उर्दूत कागदावर उतरवायचं. वर ‘गरीबपरवर’ असा मायना, खाली ‘फिदवी’ म्हणजे आपला सेवक, मध्ये गाऱ्हाणं. त्यासाठी सरकारची सनद लागे आणि खोटं लिहिलं तर ती सनद जाई, शिवाय वर तुरुंग. माझ्या वस्तादानं मला पहिल्या दिवशी बजावलं होतं, की खाडाखोड करायची नाही, चुकलं तर कागद नवा घ्यायचा. खाडाखोड दिसली की साहेब अर्ज वाचत नाही, अर्जनवीसाकडं बघतो.

वर्षभर आमच्याकडं शेताच्या बांधाचे आणि वारसाचे अर्ज चालत. पण मॅट्रिकचा निकाल लागला की पंधरा दिवस वेगळंच गिऱ्हाईक यायचं. हैदराबादेहून छापील निकाल परभणीला रेल्वेनं यायचा आणि तिथून मोटारीनं जिंतूरला. त्यात फक्त पास झालेल्यांचे नंबर असत. नापासांचं नाव कुठंच नसे, आपला नंबर नाही एवढ्यावरून समजून घ्यायचं. बाप तो कागद माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, ‘पुन्हा बघा, खालून वर बघा.’ मी खालून वर बघायचो. मी स्वतः दोनदा नापास झालेला माणूस, त्यामुळं मला ते बघताना कधी कंटाळा आला नाही.

त्यातही नमुने भेटत. बोरीकडच्या एका पाटलानं पोरगा नापास झाल्याचा दाखला मिळावा म्हणून अर्ज लिहून घेतला होता. मी म्हटलं, पाटील, पास झाल्याचा दाखला मागतात. ते म्हणाले, ‘आहो, मॅट्रिकापोतर गेल्ता एवढं तरी कागदावर येऊ द्या. सोयरीक बघायलोत.’ त्या दाखल्यावर त्या पोराचं लग्नही झालं आणि पुढं गिरदावराच्या, म्हणजे तलाठ्यांवरच्या अंमलदाराच्या, हाताखाली नोकरीही लागली. दुसरा एक मास्तर चार वेळा नापास झाल्यावर फारसीच्या आडवाटेनं गेला. तेव्हा लाहोरकडं फारसीची मोठी परीक्षा देता यायची, ती झाली की नुसते इंग्रजीचे पेपर द्यायचे आणि पदवीधर व्हायचं. त्याच्या अर्जाला मी फारसी शेर जोडला होता. मास्तर पदवीधर झाला आणि त्यानंतर मला रस्त्यात ओळख देईनासा झाला.

तर अशा वाटा आम्हाला ठाऊक असत. गिऱ्हाईक रडत आलं की आम्ही वाट सांगायची आणि वाटेचा अर्ज लिहून द्यायचा. महानंदाला वाट मीच दाखवली होती.

महानंदा म्हणजे बसलिंगअप्पा वाण्याची थोरली मुलगी. अप्पांचं पेठेत किराणा दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालणार नाहीत आणि तागडीला कधी बोट लावणार नाहीत. मुलीला त्यांनी परभणीला मावशीकडं ठेवून शिकवली होती. पेठेत त्याबद्दल नाकं मुरडणारे पुष्कळ होते. ती मॅट्रिकला बसली आणि हिसाबात नापास झाली. हिसाब म्हणजे गणित. गणित तिला येत नव्हतं असं नाही. पण प्रश्न उर्दूत, लांबलचक, आणि तो नीट उमगेपर्यंत घड्याळ पुढं गेलेलं.

निकालानंतर आठव्या दिवशी अप्पा लिंबाखाली आले. उन्हाचे आले होते तरी डोक्याला रुमाल नव्हता.

‘रामभाऊ, पोरगी बोलायली न्हाई,’ ते म्हणाले. ‘आठ दिस झाले. जेवायलीय, काम करायलीय, पर शब्द न्हाई. तिच्या मायनं आडाचा दोर काढून माळ्यावर टाकलाय. शेजारून पाणी आणायलोत आमी. लय भ्या वाटायलंय.’

मी पेटी उचलली आणि त्यांच्यासोबत घरी गेलो. महानंदा आतल्या दाराला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडं न बघता तिच्या बापाला वाटा सांगितल्या. फेरतपासणीचा अर्ज देता येईल, पण त्यानं कुणाचा नंबर आलेला मी पाहिला नाही. पुन्हा बसता येईल, पण प्रश्न पुन्हा उर्दूतच येतील. लाहोरची वाट आता दुसऱ्या देशात जायची चिन्हं आहेत. राहिली एक. वऱ्हाडात, इंग्रजी मुलखात, मुलींना शाळेत न जाता बाहेरून मॅट्रिकला बसता येतं आणि गणिताचा पेपर मराठीतून लिहिता येतो. तिथली मॅट्रिक झाली की अमरावतीला कॉलेज.

आतून आवाज आला, ‘फारम कुठं मिळतो?’

तिची आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. अप्पांनी माझे दोन्ही हात धरले. माझ्या धंद्यातली ती सगळ्यात मोठी फी.

फॉर्म वाशीमहून आला. महानंदाचा मामा तिथं राहायचा, त्यानं नियमांच्या कागदासह पाठवला. दिवाळी नुकतीच झाली होती. तोवर दिवस पालटले होते. इंग्रज गेला होता आणि वऱ्हाड आता हिंदुस्थानात होतं, आम्ही मात्र निजामाचे निजामाकडंच. खाकी कपडे घालून, बंदुका आणि भाले घेऊन काही माणसं गावोगाव फिरायला लागली होती. त्यांचं नाव त्या दिवसांत कुणी मोठ्यानं घेत नसे. आम्ही नुसतं ‘ते’ म्हणायचो. ‘ते’ आले की पेठ बंद व्हायची. ज्यांच्या घरात मुली होत्या त्या घरांत लग्नं घाईघाईनं उरकली जात होती.

अप्पांनी मला स्पष्ट सांगितलं. ‘औंदा पास झाली तर मामाकडं ऱ्हाईल, तिकडूनच कॉलेजात जाईल. न्हाई झाली तर वैशाखात गंगाखेडला देऊन टाकतो. पोरगं बरं हाय, दुकान हाय. आता पोरगी घरात ठिवून मला झोप न्हाई. म्होरच्या सालापोतर काय व्हईल कुणाला ठावं?’

म्हणजे तिच्या हातात एकच परीक्षा होती.

फॉर्म मी माझ्या हातानं भरला. महानंदा समोर पाटावर बसून माझ्या लिहिण्याकडं बघत होती. जन्मतारखेच्या रकान्याशी आलो. तिच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख उर्दूत होती, आणि फसली. आमच्या राज्यात सरकारी साल फसली असायचं. ते ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि त्याच्या महिन्यांची नावंही निराळी, आजूर, दय, बहमन. फसली सालात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. पण हे डिसेंबरपर्यंतच. जानेवारी लागला की इंग्रजी साल पुढं सरकतं आणि फसली तिथंच राहतं, म्हणून तिथून पुढच्या महिन्यांना पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे.

तिचा जन्म मेहेर महिन्यातला. तिची आई म्हणालीही होती, ‘श्रावणातला तिसरा सोमवार, बेल तोडायला गेल्ते आन् कळा आल्या.’ श्रावण म्हणजे ऑगस्ट, म्हणजे एक्क्याण्णव. पण मी फॉर्म भरत होतो दय महिन्यात, म्हणजे नोव्हेंबरात. त्या महिन्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक कागदावर आजची तारीख घालताना मी पाचशे नव्वदच मिळवत होतो. हात चालत होता, तसाच चालला. नव्वद मिळवले. वय सोळा पूर्ण पाहिजे असा नियम होता, तो मी वाचला होता. माझ्या बेरजेनं वय सोळा पूर्ण भरलं. मी समाधानानं खाली मोहर उठवली आणि अप्पांकडून गूळ-शेंगदाणे खाऊन घरी आलो.

हॉलतिकीट आलं तेव्हा थंडी संपली होती. पाकीट माझ्या पत्त्यावर आलं. मी ते लिंबाखाली उघडलं, त्यावरची जन्मतारीख वाचली आणि आता हात एक्क्याण्णवला सरावलेला असल्यामुळं दाखल्यावरच्या फसली सालाची मनात आपोआप बेरीज झाली. एक वर्षाचा फरक निघाला. मी पुन्हा केली. बोटांच्या पेरांवर महिने मोजले. महानंदाचे सोळा पूर्ण व्हायला अजून पाच महिने होते.

त्या दिवशी मी एकही अर्ज लिहिला नाही. चूक कळवली तर पोरीला परीक्षेला बसू देणार नाहीत आणि वैशाखात तिचं लग्न. न कळवावी तर मी जाणूनबुजून खोट्या तारखेवर गप्प बसलेला सनदी अर्जनवीस. शाळेच्या दाखल्यावर एक साल, हॉलतिकिटावर दुसरं. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणीही बेरीज केली की संपलं. आणि त्या दिवसांत हिंदू अर्जनवीसानं परमुलखात खोटे कागद धाडले, एवढं ‘त्यांच्या’ कानावर जाणं पुरेसं होतं. मला दोन लहान मुलं होती.

चार दिवसांनी मी मला येणारी एकच गोष्ट केली. अर्ज लिहिला. परीक्षेच्या केंद्रप्रमुखांना, इंग्रजीत, नम्रपणे, की उमेदवाराच्या जन्मसालात माझ्या हातून चूक झाली आहे, उमेदवाराचा किंवा तिच्या वडिलांचा त्यात दोष नाही, साल दुरुस्त करून घ्यावं. सही केली. तो अर्ज घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि अप्पांना काही बोललो नाही. ठरवलं की वाशीमला पोचल्यावर द्यायचा. खरं सांगायचं तर ठरवलं काहीच नव्हतं. खिशात अर्ज असला की मी प्रामाणिक माणूस आहे असं मला वाटायचं, म्हणून तो ठेवला होता.

सोबत जायचं माझ्यावरच आलं. अप्पांना ना उर्दू वाचता येत होतं ना इंग्रजी. शिवरात्र होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा गावात सांगितलं की औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चाललो. उजाडता बैलगाडी जोडली. गाडीत महानंदा, अप्पा, मी, आणि एक पत्र्याची पेटी. पेटीत वर लुगडी आणि बेलाची परडी, खाली पुस्तकं, हॉलतिकीट आणि लागलाच तर म्हणून शाळेचा दाखला.

वाटेत दोन गावं अशी लागली की दिवसाउजेडी दारं बंद आणि रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत. गाडीवान बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून स्वतःच्या मांडीखाली घेऊन बसला. महानंदा पुस्तक मांडीवर ठेवून वर पदर पसरायची आणि पदराखाली वाचायची.

औंढ्याला खरोखरच दर्शन घेतलं. बापलेक आत गेले तेव्हा मी ओट्यावर बसून खिशातला अर्ज काढला आणि पुन्हा वाचला. एखादा शब्द बदलावा का असा विचार करत होतो, तेवढ्यात महानंदा समोर उभी. ओंजळीत प्रसादाचा बेल होता. मी घाईनं कागद आत घातला.

‘काय वाचायलात, काका?’

‘काही नाही. माझं एक जुनं प्रकरण.’

‘बरं,’ म्हणाली, आणि माझ्या हातावर बेलाचं पान ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी हिंगोली आणि तिथून मोटारीनं पैनगंगेचा नाका. पलीकडं वाशीमचा रस्ता, हिंदुस्थानचा. अलीकडं करोडगिरीची चौकी. करोडगिरी म्हणजे जकातीचं खातं. एरवी तिथं कापूस, मीठ, कापड तपासायचे. पण त्या दिवशी चौकीच्या ओसरीवर खाकीतले सातआठ जण बसले होते आणि माल सोडून माणसं तपासत होते. आमच्यापुढच्या एका माणसाला त्यांनी मोटारीतून उतरवून मागच्या बाजूला नेलं. तो परत आलेला मी पाहिला नाही.

त्यांनी पेटी उघडली. लुगडी बाजूला फेकली. महानंदाची बीजगणिताची वही एकाच्या हाती लागली. पानंच्या पानं भरून क्ष, य, चिन्हं, कंस, बरोबरच्या दोन रेघा.

‘ये क्या है?’ त्यानं अप्पांना विचारलं.

‘खुफिया लिखे कुछ,’ दुसरा म्हणाला. ‘हिंदुस्थान को खबर ले जारे.’

कुणीतरी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात आतून आवाज आला, ‘लाओ इधर. सब कागज लाओ.’

आत मेजामागं करोडगिरीचे कारकून बसले होते. पन्नाशीचे, पांढरी दाढी, डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. नाव दस्तगीरसाहेब, हे मला पुढं कळलं. त्यांनी वही चाळली आणि न हसता म्हणाले, ‘हिसाब है ये. मदरसे का हिसाब. जाओ तुम.’ खाकीवाला कुरकुरत बाहेर गेला, पण दारातच थांबला.

मग त्यांनी बाकीचे कागद पुढं ओढले. एका हाताला शाळेचा दाखला, एका हाताला हॉलतिकीट. माझ्या लक्षात आलं. पलीकडून येणाऱ्या मालाच्या पावत्यांवर इंग्रजी तारीख, अलीकडच्या मालावर फसली. दिवसातून शंभर वेळा ही बेरीज करणारा माणूस त्या अख्ख्या वाटेवर एकच होता, आणि तो माझ्यासमोर बसला होता.

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. आजूर, दय, बहमन. मेहेरपाशी थांबला.

‘बेटी, उमर क्या तुम्हारी?’

‘सोला पूरे,’ महानंदा म्हणाली. एका दमात, मान वर करून.

बिचारीला हॉलतिकिटावर छापलंय तेच खरं वाटतंय, माझ्या मनात आलं. माझा हात कोटाच्या आत गेला. आता अर्ज काढून समोर ठेवला तर निदान पोरीवर आणि अप्पांवर बालंट येणार नाही, सगळं माझ्यावर येईल. घडीला बोटं लागली होती.

‘फारम कौन भरे?’

‘मैं भरा,’ मी म्हणालो.

‘सनद है?’

‘जी. ग्यारा साल से.’

ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. मग दारातल्या खाकीवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, ‘ग्यारा साल, और पांसौ नव्वद?’

बाहेर मोटारवाला भोंगा वाजवत होता. दस्तगीरसाहेबांनी शाळेचा दाखला उचलला, त्याची घडी केली, मेजाचा खण उघडला आणि आत ठेवून दिला. हॉलतिकीट महानंदाच्या हातात दिलं.

‘ये इधर का कागज है, इधरिच रहने दो. आते वखत ले जाव,’ ते मला म्हणाले. मग दाराकडं बघत मोठ्यानं, ‘चलो, छोडो इनकू. मेरा काम माल देखना है. उमर पे महसूल नै लगता.’

नदी कशी ओलांडली ते मला आठवत नाही. पलीकडं पोचल्यावर अप्पा रस्त्याच्या कडेला बसले आणि त्यांनी गळ्यातलं लिंग हातात घेऊन डोळे मिटले. महानंदानं वही झटकून पेटीत ठेवली.

वाशीमला पहिल्या पेपराच्या दिवशी मी केंद्राच्या दारापर्यंत गेलो. केंद्रप्रमुख दारातच उभे होते, चांगले गृहस्थ दिसत होते. अर्ज खिशात होता. महानंदा पायऱ्यांवर थांबली, वळून माझ्याकडं बघितलं, आणि घंटा होईपर्यंत आत गेली नाही. घंटा झाली तेव्हा ती गेली. मी मामाच्या घरी परत आलो. अर्ज खिशातच राहिला.

ती पास झाली. गणितात तिला इतके गुण होते की मामानं ते पोस्टकार्डावर दोनदा लिहिले होते. ते कार्ड जिंतूरला यायलाही महिना लागला, कारण मधली टपाल बंद पडत होती. गंगाखेडच्या मंडळींना अप्पांनी हात जोडले. आडाचा दोर परत आडावर आला.

परतताना मी नाक्यावर थांबलो होतो. खुर्चीवर दुसराच माणूस होता. दस्तगीरसाहेब रजेवर आहेत म्हणाला, खणाला कुलूप. दाखला मिळाला नाही. पुढं पावसाळा सरता सरता पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि वारं फिरलं तशी आता दुसऱ्या माणसांच्या घरांची दारं दिवसाउजेडी बंद दिसायला लागली. दस्तगीरसाहेबांची चौकशी करायला जावं असं मला रोज वाटायचं. त्यांच्या बाजूनं कुणी चार ओळी लिहून देणारा माणूस पाहिजे असेल, आणि चार ओळी लिहिणं हाच तर माझा धंदा. पण ‘यांच्यासाठी तू का लिहितोस’ असं कुणी विचारेल याची मला भीती वाटली. मी दीड महिन्यानं गेलो. चौकी उघडी होती, आत मेज नव्हतं. समोरच्या चहावाल्याला विचारलं तर तो कप विसळत म्हणाला, ‘गेले. कुठं गेले ते इचारू नका.’ मी विचारलं नाही. आयुष्यात मी अनेकदा भ्यालो, पण त्या दीड महिन्याच्या भीतीबद्दल मला अजून माफी मिळालेली नाही.

मेज गेलं तसा दाखलाही गेला. महानंदाची खरी जन्मतारीख ज्या एकमेव सरकारी कागदावर होती तो राहिला नाही. जगात तिची एकच तारीख उरली, मी चुकवलेली. कॉलेजात तीच, नोकरीत तीच. अमरावतीला पदवी घेऊन ती पुढं नागपूरला शिकली आणि सरकारी कॉलेजात गणित शिकवायला लागली. मी सनद ठेवून घरी बसलो. अप्पा गेले, तिची आई गेली. दिवाळीला तिचं कार्ड यायचं. प्रत्येक कार्डाबरोबर मला एकच आठवायचं, की हिला मी एक दिवस सांगितलं पाहिजे.

गेल्या श्रावणात ती स्वतः आली. केस पांढरे, हातात पिशवी. पाया पडली आणि म्हणाली, ‘काका, रिटायर झाले.’

मी दिवस मोजतच होतो. माझ्या चुकीनं तिला एक वर्ष आधी घरी पाठवलं होतं, वर्षाचा पगार आणि वर्षाची वर्गातली मुलं हिरावून. मी उठलो, पेटीतून तो अर्ज काढला आणि तिच्या हातात दिला. घड्यांवर कागद फाटायला आला होता.

‘हे वाच,’ मी म्हणालो. ‘तुझं एक वर्ष माझ्याकडून गेलं, बाई. मी चाळीस वर्षं बोललो नाही.’

तिनं चष्मा लावला आणि पूर्ण वाचला. बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवला, अगदी दस्तगीरसाहेबांसारखा.

‘यात बेरीज बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘फारमात चुकली होती. मी तेव्हाच बघितलं होतं.’

‘तेव्हाच म्हणजे?’

‘तुम्ही लिहीत होता तेव्हा. मी पाटावर बसले होते ना. एक्क्याण्णव पाहिजे होते. पण नियमाचा कागदही मी वाचला होता.’

हिसाबात नापास झालेली पोरगी. अकरा वर्षांच्या सनदेला जे दिसलं नाही ते तिला पंधराव्या वर्षी, उलट्या बाजूनं वाचून दिसलं होतं.

‘आणि ते वर्ष गेलंबिलं काही नाही,’ ती म्हणाली. ‘मी ते आधीच वापरून टाकलं.’

‘मग नाक्यावर ते सोला पूरे...’ मी म्हणालो. ‘ते लोक दारात उभे, समोर तो माणूस बोटं मोजतोय, तुला सगळं ठाऊक. भीती वाटली नाही तुला?’

‘लय वाटली,’ महानंदा म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी जिंतूरचं बोलली. ‘पर त्यांची न्हाई, काका. तुमची. ह्यो कागद मी औंढ्यालाच बघितला व्हता. तिथून पेपराची घंटा व्हईपोतर मी निस्ती तुमच्या खिशाकडं बघत व्हते.’